काचेतून पाणी, काचेतून शिट्टी

अमरावती–अकोला रस्ता खड्ड्यांचा होता तोवर गाडीचा खडखडाट एवढा असे की काचेच्या कडेची शिट्टी कुणाच्या कानावर येत नसे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर एका मार्गिकेचे सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात गेली. गाड्यांचा वेग वाढला आणि बारीक आवाज उघडे पडले. वाऱ्यामुळे होणाऱ्या आवाजाची शक्ती वेगाच्या साधारण सहाव्या घाताने वाढते. ताशी ६० वरून १०० वर गेले की ती वीसेकपट होते, कानाला आवाज अडीचपट वाटतो. ज्या फटीतून हा वारा वाजतो, त्याच फटीतून पुष्कळदा पावसाळ्यात पाणी शिरते.

काच बसते कशी

अ‍ॅम्बॅसेडर, प्रीमिअर पद्मिनी, जुन्या जीप आणि अनेक ट्रक यांची समोरची काच रबरी बीडिंगमध्ये बसवलेली असते. एका खाचेत काच, दुसऱ्या खाचेत पत्रा. आजच्या मोटारींत काच युरेथेन या चिकटद्रव्याने थेट पत्र्याला चिकटवतात. ती छताला आधार देते आणि सहचालकाची एअरबॅग फुगताना बहुधा तिच्यावरच टेकते. त्यामुळे हा जोड ढिला पडणे म्हणजे सुरक्षाही ढिली पडणे.

वऱ्हाडात जोड का सुटतो

मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. अशा उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपुढे जातो. रबर वाळते, आखडते, कोपऱ्यांत भेगा पडतात. काचेच्या कडेची काळी किनार खालच्या युरेथेनचे उन्हापासून रक्षण करते, पण आधीची काच बदलताना प्राइमर लावला नसेल तर पकड सुटू लागते. त्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट किंवा शेतरस्ता असला की गाडीचा सांगाडा पिळला जातो. कच्चा जोड तिथे आधी बोलतो.

आधी काचेला दोष देऊ नका

पायाशी पाणी दिसले म्हणजे काचच गळते असे नाही. हे आधी पाहा:

• वायपरखालची जाळी: गाडी कडुनिंबाखाली उभी राहत असेल तर पाने आणि काळ्या मातीची धूळ साचून निचऱ्याची भोके बुजतात. तुंबलेले पाणी आत येते.
• एसीचा निचरा: पाणी फक्त एसी चालवल्यावर, पाऊस नसतानाही, बहुधा डाव्या सीटच्या पायाशी येत असेल तर नळी तुंबली आहे.
• हीटर: पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल तर ते कूलंट आहे.
• सनरूफच्या नळ्या, अँटेनाचे रबर, छताच्या पट्टीखालचा सांधा, दाराचे रबर.

पाणी शिरते एका जागी आणि पत्र्याच्या कडेने वाहत दिसते दुसऱ्याच जागी. डाग दिसतो तिथे सीलंट भरून उपयोग नसतो.

पाण्याची फट शोधणे

दोन माणसे लागतात. आतला माणूस टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन काचेच्या कडेला पाहतो. बाहेरचा साध्या पाइपने, जोर न लावता पाणी सोडतो. सुरुवात खालच्या कडेपासून करायची आणि प्रत्येक जागी थोडे थांबत हळूहळू वर जायचे. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळते आणि फट कळत नाही. वॉशिंगचा फवारा मारू नका, तो चांगल्या रबरातूनही पाणी घुसवतो.

दुसरी पद्धत साबणाची. सर्व काचा बंद करून ब्लोअर पूर्ण वेगाने, बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत ठेवा. काचेच्या कडेला बाहेरून साबणाचे पाणी लावा. फुगे येतील तिथे फट.

शिट्टीची जागा शोधणे

काचेच्या चारही कडांवर मास्किंग टेप चिकटवून सरळ, मोकळ्या रस्त्यावर ठरावीक वेगाने गाडी चालवा. आवाज गेला तर टेप एकेक कडेने काढत पुन्हा चालवा. टेप काढताच आवाज परत आला ती कड दोषी. आवाज गेलाच नाही तर बाजूचा आरसा, छतावरचे कॅरिअर किंवा दार तपासा. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर तिथे रबर दाबत नाही.

दुरुस्ती

रबरी बीडिंग लवचीक असेल तर तिचा ओठ उचलून आत न वाळणारा ब्यूटाइल सीलंट भरता येतो. रबर कडक झाले असेल तर ते बदलणेच बरे. नवे रबर काचेला चढवून त्याच्या खाचेत दोरी घालतात. एकजण आतून दोरी ओढतो, दुसरा बाहेरून काच दाबतो.

चिकटवलेली काच गळत असेल तर ती कापून काढून नव्याने बसवणे हा खरा उपाय. जुने युरेथेन एक-दोन मिलिमीटर ठेवून सपाट कापतात, गंज खरवडून प्राइमर लावतात आणि युरेथेनची नवी धार न तोडता सलग ओढतात. वरून सिलिकॉन फासणे स्वस्त पडते, पण आंबट वासाचे सिलिकॉन पत्र्याला गंज आणते आणि त्याचा थर राहिला की पुढे युरेथेन धरत नाही.

नेहमीचे युरेथेन हवेतील ओलाव्याने पक्के होते. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याला वेळ लागतो, म्हणून गाडी कधी चालवायची ते ट्यूबवर पाहून ठरवा, मिस्त्रीच्या घाईवर नको. पहिल्या दिवशी एक खिडकी किंचित उघडी ठेवा, नाहीतर दार आपटताना आतल्या हवेचा दाब ताज्या जोडावर येतो.

काम झाल्यावर

मृगाच्या आधी काम उरकले तर घाई राहत नाही. भिजलेले कार्पेट उचलून खालचा फोम पूर्ण वाळवा, कारण अनेक गाड्यांत वायरिंग त्याखालूनच जाते आणि महिन्याभराने कुजका वास आणि बंद पडलेले सेन्सर एकदमच येतात. जोड पक्का झाला की पैसे देण्याआधी गॅरेजमध्येच पाइपने पाणी सोडून पाहा. मिस्त्रीला हात पुन्हा लावायला तिथेच सोपे जाते.