एक घर, दोन चुली

दिवाळीची सुट्टी आडवी आली नाही, तर 7 नोव्हेंबरला बारामती-इंदापूरकडच्या ज्या शाळांत स्काऊट-गाईडची पथकं आहेत तिथे ध्वजदिन होतो. स्टिकरांचे ताव वर्गावर्गात फिरतात, सुटे पैसे गोळा होतात, गळ्यात स्कार्फ बांधलेली मुलं-मुली झेंड्यापुढे तीन बोटांचा सॅल्यूट करतात. हा 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' या संस्थेचा स्थापना दिवस. 1950 साली याच तारखेला देशातल्या मोठ्या स्काऊट संघटना आपापली नावं सोडून एक झाल्या. गोम अशी की त्या दिवशी मुली त्यात नव्हत्याच. गाईड्सची संघटना एकत्र आली ती 15 ऑगस्ट 1951 रोजी, म्हणजे नऊ महिन्यांनी. त्या तारखेचा वेगळा समारंभ होणं शक्यच नव्हतं. त्या दिवशी अख्खा देश दुसऱ्याच झेंड्याखाली उभा असतो. म्हणून निळ्या गणवेशातल्या मुली दरवर्षी नोव्हेंबरात जो दिवस साजरा करतात, तो काटेकोरपणे पाहिलं तर मुलांच्या एकत्र येण्याचा.

हे नऊ महिने मला महत्त्वाचे वाटतात. विलीनीकरण म्हटलं की आपल्याला एक पाटी उतरवून दुसरी लावणं एवढंच दिसतं. साखर कारखान्यांच्या, सहकारी बँकांच्या विलीनीकरणाच्या बातम्या वाचून या भागातल्या लोकांची नजर तर चांगलीच तयार झालेली आहे: कोण कोणात गेलं, आणि आत गेल्यावर संचालक मंडळात कुणाची माणसं उरली, हे इथे चहाच्या टपरीवरही विचारलं जातं. तोच प्रश्न मुलींच्या या संघटनेला विचारला, तर उत्तर थोडं अनपेक्षित मिळतं.

मुळात मुलींना कुणी बोलावलंच नव्हतं. 1909 साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊट मुलांचा मोठा मेळावा भरला, तेव्हा काही मुली स्वतःच तयार केलेल्या पोशाखात तिथे हजर झाल्या आणि आम्हीही स्काऊट आहोत म्हणाल्या. स्काऊटिंगचे जनक बेडन-पॉवेल यांनी त्यांच्यासाठी वेगळी संस्था काढायचं ठरवलं आणि आपली बहीण अॅग्नेस हिच्याकडे ते काम दिलं. 1910 मध्ये गर्ल गाईड्स सुरू झाल्या. पुढच्याच वर्षी, 1911 मध्ये, भारतातली पहिली गाईड कंपनी जबलपूरला उभी राहिली. सुरुवातीला त्यात युरोपियन आणि अँग्लो-इंडियन मुली असत. भारतीय मुलींना दार उघडायला आणखी काही वर्षं गेली.

मुलांच्या बाजूला याच काळात भलतीच गर्दी झाली. भारतीय मुलांना सरकारमान्य स्काऊटिंगमध्ये घेत नाहीत म्हणून अॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी मद्रासेत वेगळी संघटना काढली. अलाहाबादेत मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांची सेवा समिती स्काऊट संघटना होती. 1921 मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंटबाईंची संघटना मुख्य संघटनेत गेली, सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. 1937 मध्ये ते पुन्हा आले, तेव्हा भारतीयांच्या चारित्र्याबद्दल त्यांनी केलेल्या शेऱ्याने रान पेटलं आणि पुढच्या वर्षी हिंदुस्थान स्काऊट संघटना उभी राहिली. स्वातंत्र्यानंतर ही फाटाफूट कुणालाच परवडणारी नव्हती. शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी पुढाकार घेतला. कुंझरू, वाजपेयी आणि आपल्या नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस अशी परस्परविरोधी छावण्यांतली माणसं एका टेबलाशी बसली आणि 1950 चा करार झाला.

गाईड्सचं दुखणं वेगळं होतं. त्यांच्यात असली भांडणं नव्हती, त्यामुळे एकत्र येण्याची निकडही नव्हती. शिवाय हातात गमावण्यासारखं काही होतं. 1928 मध्ये गाईड्सची जागतिक संघटना स्थापन झाली तेव्हा भारत संस्थापक सदस्यांत होता. बायका स्वतः चालवत असलेली, जगाच्या पंगतीत स्वतःच्या नावाने बसणारी संस्था पुरुषांच्या संस्थांनी मिळून बांधलेल्या घरात का जाईल? त्या गेल्या, पण अटी ठरवून गेल्या असाव्यात, असं आज त्या घराची रचना पाहून वाटतं. हा माझा अंदाज आहे, पण रचना बोलकी आहे.

ती रचना अशी. संस्था एक, नियमावली एक, वचन एक. (वचनात 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' म्हणायची मुभा आहे; 1950 च्या वाटाघाटी किती बारकाईने झाल्या असतील याची यावरून कल्पना येते.) पण राज्यापासून जिल्ह्यापर्यंत प्रत्येक पायरीवर दोन आयुक्त: एक स्काऊट, एक गाईड. जिल्हा संघटकही दोन. मुलांचं पथक, मुलींची कंपनी. मुलांचे संघ पशुपक्ष्यांच्या नावाचे, मुलींचे फुलांच्या: गुलाब, मोगरा, कमळ. लहान मुलगे कब, लहान मुली बुलबुल. कबांची प्रगती चरणांनी मोजतात, बुलबुलांची पंखांनी: कोमल, रजत, सुवर्ण, हीरक. जगातही दोन सदस्यत्वं, मुलांच्या जागतिक संघटनेचं वेगळं आणि मुलींच्या वेगळं. आणि सगळ्यात कळीचा नियम हा की कबांचं पथक बाईंनी चालवलेलं चालतं, पण गाईडच्या कंपनीला कॅप्टन बाईच लागते. घर एक झालं, चुली दोनच राहिल्या.

महाराष्ट्राने मुलींच्या संघटनांचे दुसरेही नमुने पाहिलेत. 1936 मध्ये वर्ध्याला लक्ष्मीबाई केळकरांनी राष्ट्र सेविका समिती काढली, ती राष्ट्रीय स्वयंसेवक संघापासून पूर्ण वेगळी. 1941 पासून राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत मुलं-मुली एकत्र खेळली. गाईड्सनी तिसरी वाट धरली. कार्यक्षमतेचा चष्मा लावणाऱ्याला ती गैरसोयीची वाटणारच: प्रत्येक पद दुप्पट, प्रत्येक शिबिराला दोन तंबूरांगा. तरीही या वाटेने गेलेल्या संघटनेत 1964 ते 1983 अशी एकोणीस वर्षं राष्ट्रीय आयुक्त एक बाई होती, गाईड्समधून आलेल्या लक्ष्मी मजुमदार. केवळ मुलींच्या नव्हे, मुलग्यांच्याही. दिल्लीतलं राष्ट्रीय कार्यालय आज त्यांच्याच नावाचं आहे.

त्याच सुमाराला, 16 ऑक्टोबर 1966 रोजी, पुण्यात आळंदी रोडवर 'संगम' हे गाईड्सचं जागतिक केंद्र सुरू झालं. लेडी ओलेव्ह बेडन-पॉवेल स्वतः उद्घाटनाला आल्या होत्या. स्वित्झर्लंड, लंडन आणि मेक्सिकोनंतर चौथं केंद्र आशियात असावं असं ठरलं आणि ते पुणे जिल्ह्याच्या वाट्याला आलं. जगभरातल्या गाईड्स तिथे येऊन राहतात. बारामतीहून पुणे शंभरेक किलोमीटर, इंदापूरहून त्याहून बरंच लांब. आमच्याकडच्या कितीतरी मुलींनी पुण्याला जाऊन सारसबाग पाहिलेली असते, शनिवारवाडा पाहिलेला असतो. आपण ज्या संघटनेच्या सदस्य आहोत तिचं जागतिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात आहे हे त्यांच्या कानावर क्वचितच पडतं.

आता जरा जमिनीवर येऊ. नीरा डाव्या कालव्याने बारामती आणि इंदापूर एकाच पाण्याला बांधलेत. ऊस आला, कारखाने आले, कारखान्यांच्या आसपास हायस्कुलं आली, वालचंदनगरसारखी उद्योगाची वसाहत आली. 1938 मध्ये शारदाबाई पवार पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून गेल्या तेव्हा शाळांचा कारभार पाहणाऱ्या त्या बोर्डात बाई असणं हीच नवलाई होती. 1962 मध्ये लोकल बोर्डांच्या जागी जिल्हा परिषदा आल्या. आज गाईडच्या कंपन्या प्रामुख्याने याच परिषदेच्या आणि शिक्षणसंस्थांच्या शाळांत आहेत, आणि आयुक्तपदाची टोपी बहुतेक ठिकाणी शिक्षणाधिकाऱ्यांच्याच डोक्यावर असते. म्हणजे संघटना स्वयंसेवी, पण खुर्ची सरकारी. यात सोय आहे तशी गोचीही आहे: अधिकाऱ्याची बदली झाली की उत्साहाचीही बदली होते.

मुलींना विचाराल तर त्यांना यातलं काही ठाऊक नसतं. त्यांना आठवते ती खरी कमाई. पथकाच्या खर्चासाठी मुलांनी स्वतः राबून पैसे मिळवायचे, हा महाराष्ट्रातल्या स्काऊट-गाईडचा लाडका उपक्रम. शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली जातात, भेळ, वडापाव, ताक, घरच्या शेतातला भाजीपाला. हिशोबाची वही संघनायिकेकडे. सातवीतली पोर भांडवल वजा जाता नफा किती ते मोठ्याने वाचून दाखवते, आणि तो आकडा बाई पुन्हा एकदा तपासतात. पुढे गाठी, मागोव्याच्या खुणा, प्रथमोपचार, दोन रात्रींचा तंबू, शेकोटी. प्रवेश, मग तीन सोपान, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. काही पालकांची नजर दहावीच्या सवलतीच्या गुणांवर असते, असू दे. घरापासून दूर तंबूत राहायची परवानगी मुलीला मिळवून देणारं कुठलंही कारण मला चांगलंच वाटतं. आणि ही परवानगी 'कॅप्टन बाई सोबत आहेत' या एका वाक्यावर मिळते. दोन चुलींचा नियम दिल्लीत तात्त्विक वाटत असेल; भिगवणच्या किंवा निमगावच्या घरात तो रोकडा व्यवहार आहे.

पण हाच नियम उलटाही बसतो. दोन शिक्षकी शाळा, दोघेही गुरुजी. मुलांचं पथक उघडता येतं, मुलींची कंपनी नाही. मग पटांगणात मुलं शिट्टीवर पळतात आणि मुली कट्ट्यावर बसून बघतात. शिक्षिका असल्या तरी त्यांनी सात दिवसांचा निवासी प्राथमिक अभ्यासक्रम केलेला हवा. राज्याचं प्रशिक्षण केंद्र भोरला, रामबागेत. इंदापूर पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, भोर नैर्ऋत्येला. घरी लहान मूल, सासूबाईंचं दुखणं, आणि वरून सात दिवस गैरहजर. पुरुष शिक्षक सहज निघतो. बाईंना आधी घरात एक सभा घ्यावी लागते.

एकत्रीकरणाचा वारा आता दुसऱ्या दिशेनेही वाहतोय. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करण्याचा विचार राज्य सरकारने 2023 मध्ये पुढे आणला; पानशेतची समूह शाळा त्याचं उदाहरण म्हणून दाखवली गेली. विरोधही जोरात झाला, आणि लांबच्या शाळेत मुलीच आधी गळतात हा त्यातला सगळ्यात वजनदार मुद्दा होता. तो खराच आहे. पण कंपनीचं गणित निराळं. सहा ते आठ मुलींचा एक संघ, असे चार संघ म्हणजे पूर्ण कंपनी. बारा पटाच्या वस्तीशाळेत ती कधीच उभी राहत नाही. शाळा न हलवता तीन-चार शाळांच्या मुलींची एक कंपनी करता आली, आठवड्यातून एक दुपार एकत्र, तर कॅप्टन एक पुरेल. नियमावलीला शाळेबाहेरच्या खुल्या पथकांचं वावडं नाही. वावडं आहे ते आपल्या सवयीला: शाळा म्हणजे पथक, मुख्याध्यापकांची सही म्हणजे नोंदणी.

अमेरिकेतल्या गर्ल स्काऊट्सनी एकत्रीकरण कसं करू नये याचा धडा दिलाय. 2006 नंतर त्यांनी तीनशेहून जास्त प्रादेशिक मंडळं एकमेकांत मिसळून सुमारे एकशेदहावर आणली. कागदावर हिशोब चोख होता. पण विस्कॉन्सिनमधल्या मॅनिटू मंडळाने आपला प्रदेश सोडायला नकार दिला, कोर्टात गेलं, आणि 2011 मध्ये अपिलात जिंकलं. नेदरलँड्सने 1973 मध्ये मुलं-मुलींच्या संघटना पूर्ण एकजीव केल्या, तो आणखी वेगळा प्रयोग. आपल्याकडे असं एकजीव काही होत नाही. हिंदुस्थान स्काऊट्स अँड गाईड्स या नावाची वेगळी संघटना आजही आहेच. रेल्वेचे झोनही भारत स्काऊट्स आणि गाईड्समध्ये राज्यांच्या बरोबरीने धरले जातात. त्यामुळे शेजारच्या दौंडला रेल्वेच्या पथकात असलेली मुलगी कागदोपत्री मध्य रेल्वेची आणि तिच्या शेजारची जिल्हा परिषद शाळेतली मुलगी महाराष्ट्राची. मेळाव्याला दोघी वेगवेगळ्या पाटीमागून चालतात.

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांनी मिळून गाईड कॅप्टनांचा अभ्यासक्रम भोरऐवजी इथेच भरवला, तर काय लागेल? सुट्टीत रिकामी असलेली एक निवासी शाळा, भोरहून येणाऱ्या दोन प्रशिक्षिका, आणि बाईंना लहान मूल सोबत आणायची मोकळीक. वसतिगृहं या भागात कमी नाहीत. शारदानगरपासून वालचंदनगरपर्यंत कालव्याच्या काठाने मोजत जावं. ऑक्टोबरच्या सुट्टीत शिबिर झालं, तर दिवाळीनंतर शाळा उघडताच नव्या कंपन्यांची नोंदणी होऊ शकते, आणि ध्वजदिनाचे स्टिकर कुणाच्या हातात द्यायचे हा प्रश्न निदान त्या शाळांपुरता सुटतो.