आजी-आजोबांचे दात आणि आरोग्य विमा



शाळेच्या मागच्या आजी-आजोबा दिनाला आम्ही सर्वांना लाडू व चिवडा दिला. पुष्कळ आजोबांनी लाडू खाल्ला आणि चिवड्याची पुडी नातवाच्या हाती दिली. कारण विचारले, तर उत्तर एकच : "दात नाहीत. सरकारी कार्डात कवळी बसत नाही, मग मुलाला खर्चात कशाला पाडायचे?" म्हणून या अंकात ही माहिती देत आहोत.

प्रथम कार्डाविषयी. 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला 29 ऑक्टोबर 2024 पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते. उत्पन्नाची अट नाही, आधार कार्ड पुरेसे आहे. वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत होतात. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. जबड्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया करावी लागली, तर कार्ड उपयोगी पडते. दात भरणे, रूट कॅनाल, कवळी ही कामे मात्र खुर्चीवर बसून होतात आणि माणूस त्याच दिवशी घरी येतो. त्यांचा खर्च या कार्डातून मिळत नाही. कार्डाविषयी शंका असल्यास 14555 या क्रमांकावर विचारावे.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्या सीजीएचएस योजनेत दातांच्या उपचारांचेही दर ठरलेले आहेत. 70 वर्षांनंतर त्यांना सीजीएचएस किंवा आयुष्मान यांपैकी एकच निवडता येते. 5 लाखांचा आकडा पाहून घाईने सही करू नये. आधी आपल्या वेलनेस सेंटरवर दातांविषयी विचारून घ्यावे.

खाजगी विमा असला तरी आयुष्मान कार्ड काढता येते. पण साध्या आरोग्य पॉलिसीतही दातांचा खर्च बहुधा अपघातात इजा झाली किंवा भरती व्हावे लागले तरच मिळतो. दातांसाठी "ओपीडी"चा वेगळा लाभ असलेली पॉलिसी पाहावी लागते. 2024 पासून विमा घेण्यासाठी 65 वर्षांची कमाल मर्यादा राहिलेली नाही, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटीही लागत नाही. तरीही पैसे भरण्यापूर्वी एजंटला हे चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे पॉलिसीच्या कागदात दाखवायला सांगावीत :

1. कवळी, कॅप आणि रूट कॅनाल यांपैकी नेमके काय मिळते?
2. वर्षाला जास्तीत जास्त किती रुपये मिळतात?
3. किती महिने थांबावे लागते? आधीपासून खराब असलेले दात चालतात का?
4. कोणत्याही दवाखान्यात जाता येते, की ठराविकच?

मग घरी हिशेब मांडावा. समजा, या लाभासाठी वर्षाला 4,000 रुपये जास्त भरायचे आहेत आणि मर्यादा 5,000 रुपयांची आहे. म्हणजे पूर्ण लाभ घेतला तरी फायदा 1,000 रुपयांचाच. त्यापेक्षा तेच पैसे दर महिन्याला बाजूला ठेवणे बरे. पॉलिसी घेतल्यावर पटली नाही, तर कागद हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते.

विमा नसला तरी कवळीचे काम अडू नये. आपल्या इंदूरला एम.वाय. रुग्णालयाजवळ 1961 पासूनचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली काम होते आणि शुल्क खाजगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी असते. फेऱ्या जास्त होतात, पण सोबत कोणी असले की आजोबांना त्या जड जात नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री आजी-आजोबांच्या ताटाकडे नीट बघा. भाकरी दुधात कुस्करली जाते का? काकडी, पेरू बाजूला राहतो का? ते स्वतःहून सांगणार नाहीत. तुम्ही विचारा, आणि त्यांच्या पॉलिसीचा कागद आई-बाबांबरोबर बसून वाचा. पुढच्या आजी-आजोबा दिनालाही आम्ही चिवडाच देणार आहोत.