चित्रं पाह्यले येतं का बे?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. टेस्ट संपली होती, मेसला सुट्टी होती, म्हणून मी आणि माझा रूममेट अमरावतीत भटकत होतो. एका हॉलच्या दारावर फलक दिसला: "चित्रप्रदर्शन. प्रवेश विनामूल्य." विनामूल्य म्हटल्यावर आम्ही आत! भिंतींवर सव्वीस चित्रं होती आणि बरोब्बर चार मिनिटांत आम्ही ती "बघून" दारापाशी परत आलो. तिथे एक गृहस्थ खुर्चीवर बसले होते, समोर टेबलावर अभिप्रायाची वही. उगाच निघून जाणं बरं दिसेना, म्हणून रूममेटने विचारलं, "सर, त्या चित्राले हे लाल टिकली काहून लावली? अर्थ काय हाय तिचा?"

सर हसले. "ती चित्रात नाही बाबू, चित्राखालच्या पाटीवर आहे. चित्र विकलं गेलं की लावतात."

सव्वीस चित्रांत टिकली एकच होती.

ते स्वतःच चित्रकार निघाले. अकोला जिल्ह्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात. फ्रेमा, हॉलचं भाडं, टेम्पो, सगळा खर्च पदरचा. वही चाळली तर पानभर "छान", "नाईस", "खूप सुंदर". सर म्हणाले, "तीन दिवसांत काही विचारणारे तुम्हीच पहिले." हे ऐकून आम्हाला अभिमान वाटायला हवा होता, पण वाटली लाज. मग आम्ही तिथे दीड तास थांबलो. त्या दीड तासात जे कळलं आणि नंतर मी जे वाचलं, ते इथे सांगतो.

समजलं नाही तर?

आपली खरी अडचण इंजिनिअरिंग ड्रॉइंगने केली आहे. तिथे फ्रंट व्ह्यू आणि टॉप व्ह्यू बघून दोघांनी दोन वेगळ्या वस्तू ओळखल्या, तर ड्रॉइंग चुकलं असं आपण समजतो. एका ड्रॉइंगचा एकच अर्थ! चित्राचं तसं नाही. ते बघून दोघांना दोन गोष्टी जाणवल्या तर चित्र नापास होत नाही आणि आपणही होत नाही. म्हणून "हे काय आहे?" हा प्रश्न जरा मागे ठेवा. आधी विचारा, "माझी नजर पहिल्यांदा कुठे गेली? तिथून कुठे सरकली? चित्रकाराने रिकामी जागा का सोडली?" सगळी चित्रं बघायचा हट्ट नको. सव्वीसपैकी तीन निवडा आणि प्रत्येकासमोर पाच मिनिटं उभे राहा. आधी लांबून बघा, मग जवळून. करून पाहा, तिसऱ्या मिनिटाला काहीतरी नवं दिसतंच.

पाटी वाचा

चित्राशेजारच्या पाटीवर नाव, वर्ष, माध्यम आणि माप असतं. मापात आधी उंची, मग रुंदी. एकाच कलावंताचं असेल तर एकल प्रदर्शन, अनेकांचं असेल तर समूह प्रदर्शन. आयुष्यभराचं काम एकत्र मांडलं तर सिंहावलोकन. आणि खोलीभर वस्तू मांडून केलेल्या कलाकृतीला मांडणशिल्प म्हणतात. ते बघून "सामान आवरायचं राहिलं वाटतं" असं मोठ्याने म्हणू नये. (स्वानुभव!)

भिंतीवरचं इंजिनिअरिंग

चित्र कुठेही खिळा ठोकून टांगत नाहीत. त्याचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटीमीटरवर, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेच्या रेषेत ठेवतात. दिवा उभ्या रेषेशी साधारण ३० अंशांत लावतात, नाहीतर काचेवर चित्राऐवजी आपलंच तोंड दिसतं. कागदावरच्या जलरंगांना ५० लक्सच्या आसपासच उजेड देतात, तैलरंगांना २०० च्या आसपास. जास्त उजेडाने, विशेषतः अतिनील किरणांनी, रंग उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. त्यात आपलं हवामान! पावसाळ्यात कागद फुगून त्याला लाटा येतात. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की लाकडी चौकट सुकून वाकते. सर म्हणाले, "म्हणून मी हिवाळ्यातच प्रदर्शन लावतो. माणसंही तेव्हाच घराबाहेर पडतात."

माणसं आपल्याच बाजूची

"हे सगळं मुंबई-पुण्याचं काम हाय," असं रूममेट म्हणाला, तेव्हा सरांनी त्याला नावंच ऐकवली. वासुदेव गायतोंडे १९२४ साली नागपुरात जन्मले. त्यांच्या अमूर्त चित्रांचं मोठं प्रदर्शन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरलं. त्याआधी २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात त्यांचं एक चित्र २३ कोटींवर गेलं. ते बघायला गायतोंडे नव्हते, २००१ मध्येच ते गेले. सैयद हैदर रझा मंडला जिल्ह्यातले, पण चित्रकलेचे पहिले धडे नागपूरच्या कलाशाळेत घेतलेले. लहानपणी मन एका जागी ठरेना, म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, असं रझा सांगायचे. पुढे तोच ठिपका "बिंदू" होऊन त्यांच्या चित्रांत आला.

आजचं नाव हवं असेल तर प्रभाकर पाचपुते. १९८६ चा जन्म, चंद्रपूर जिल्ह्यातल्या कोळसा खाणींच्या भागातला. ज्या कोळशाने घर चाललं, तोच हातात घेऊन तो भिंतींवर खाणकामगार आणि जमीन गेलेले शेतकरी काढतो. २०२१ चं वेल्समधलं 'आर्टेस मुंडी' पारितोषिक सहा कलावंतांना मिळून दिलं गेलं, त्यात तो एक. वेल्ससुद्धा खाणींचाच मुलूख! तिथल्या माणसाला ते चित्र समजावून सांगावं लागलं असेल का? मला नाही वाटत.

निघताना रूममेटने वही ओढली. बराच वेळ पेन चावून त्याने लिहिलं, "अकरा नंबरच्या चित्रातली विहीर कोरडी आहे, हे मला लांबून कळलं नाही, जवळ गेल्यावर कळलं. आमच्या वावरातली आठवली." सरांनी ते वाचलं आणि काही न बोलता वही मिटली. मग आम्हाला चहा पाजायला खाली घेऊन गेले.

तर मित्रहो, यंदाच्या हिवाळ्यात सर नवी चित्रं घेऊन पुन्हा येताहेत. तारीख ठरली की मी मेसच्या बोर्डावर लावतो. चित्रं विकत घ्यायची आपली ऐपत नाही, ते सरांनाही ठाऊक आहे. लाल टिकली आपण लावू शकत नाही, पण वहीत "छान" सोडून एखादं वाक्य नक्कीच लिहू शकतो. सिटी बसला चारजण पुरे. कोण कोण येतं बे?