न्यायसंपन्न विभव आणि दुकानातील माणसाचे घर

रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली १६,९६,७७७ होती. २०११ च्या जनगणनेत ती १६,१५,०६९ भरली. देशाची लोकसंख्या वाढत असताना आपल्या जिल्ह्यातील ऐंशी हजारांहून अधिक माणसे दहा वर्षांत कमी झाली. त्याच जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. कर्ते पुरुष पोटापाण्यासाठी जिल्ह्याबाहेर आहेत, एवढाच या आकड्याचा अर्थ.

माणसे कमी झाली की घरे स्वस्त व्हावीत, असे साधा व्यवहार सांगतो. आपल्याकडे मात्र उलट चित्र दिसते. गावोगावी घरांना कुलपे आहेत, अंगणात गवत वाढले आहे; आणि शहरात मारुती मंदिर, साळवी स्टॉप, कुवारबाव, नाचणे या बाजूंना दोन खोल्यांचे घर घेणे सामान्य पगारदाराच्या आवाक्यापलीकडे गेले आहे. रामआळीतील दुकानात सकाळी शटर उघडणारा आणि रात्री हिशेब मिटवून घरी जाणारा माणूस कोठे राहतो, कसा राहतो, याचा विचार आपण व्यापारी समाजाने क्वचितच केला असेल. घर, रोजगार आणि आर्थिक न्याय हे सरकारचे विषय आहेत असे आपण समजतो. त्यांतील काही भाग मात्र थेट आपल्या गल्ल्यापर्यंत येतो, तो या लेखात मांडावयाचा आहे.

कामामागे धावलेली घरे

कोकणातून मुंबईला गेलेल्या माणसांनी तेथील कापड गिरण्या चालविल्या. गिरणगावातील कामगारवर्गात रत्नागिरीकरांचा वाटा मोठा होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा ट्रस्ट स्थापन झाला. पुढे १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथे बी.डी.डी. चाळी उभ्या राहिल्या. एकशे साठ चौरस फुटांची खोली, त्यात एक कुटुंब आणि गावाहून आलेले दोन-तीन पाहुणे, अशी ती वस्ती होती. जागा अपुरी असली तरी तिचा एक गुण मोठा होता. गिरणीचा भोंगा ऐकून चालत कामावर पोहोचता येत होते.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरविले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब केवळ मोकळ्या जागेपुरता मर्यादित झाला आणि पहिल्या दोन वाट्यांना मोठी कात्री लागली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरविली. म्हाडाने कामगारांसाठी जी घरे बांधली, त्यांच्या सोडतीत अर्जदार लाखांच्या संख्येने आणि घरे हजारांच्या संख्येने अशी स्थिती राहिली. अलीकडे शेलू आणि वांगणी येथे घरे देण्याची योजना पुढे आली, तेव्हा कामगार संघटनांनी मुंबईतच घर हवे असा आग्रह धरला. पुष्कळांना तो हट्ट वाटला. परंतु संशोधनाच्या नजरेने पाहिले तर तो हट्ट म्हणता येत नाही.

संशोधन काय सांगते

१९८७ साली अहमदाबादेत विडी कामगार स्त्रियांसाठी घरांची सोडत झाली. चौदा वर्षांनी शारोन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञांनी सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या कुटुंबांची तुलना केली. नवी घरे चांगली, पण शहराबाहेर होती. चौतीस टक्के विजेते तेथे राहावयास गेलेच नाहीत. आणखी बत्तीस टक्के काही काळ राहून परतले. विजेत्यांच्या उत्पन्नात किंवा मुलांच्या शिक्षणात फरक पडलेला आढळला नाही. उलट आप्तांपासून दूर गेल्याने अडीअडचणीला मिळणारी मदत मात्र आटली.

याच्या दुसऱ्या बाजूला मुंबईचा अनुभव आहे. म्हाडाच्या सोडतीत घर मिळालेल्या कुटुंबांचा तनू कुमार यांनी अभ्यास केला. तेथे घर लाभलेल्या कुटुंबांत शिक्षण आणि रोजगार या दोन्हींचे प्रमाण अधिक आढळले. दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले की एक गोष्ट उमगते. चार भिंती आणि छप्पर म्हणजे संपूर्ण घर नव्हे. कामाचे ठिकाण, मुलांची शाळा आणि हाकेला धावणारा शेजार यांच्या संदर्भातच घराचे मोल ठरते.

आणखी एक दाखला द्यावासा वाटतो. केंद्र सरकारने नेमलेल्या, प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तांत्रिक गटाने २०१२ मध्ये शहरी भारतातील घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख असल्याचे म्हटले. यातील सुमारे ९६ टक्के तूट आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांची होती. त्याच सुमारास, २०११ च्या जनगणनेत, शहरांत एक कोटीहून अधिक घरे रिकामी नोंदली गेली होती. म्हणजे देशात विटा आणि सिमेंट कमी नव्हते. ज्याला घर हवे त्याच्या ऐपतीचे घर बाजारात नव्हते.

ऐपतीचा हिशेब

ऐपत म्हणजे नेमके काय? जगभर एक ढोबळ माप वापरले जाते. कुटुंबाच्या उत्पन्नाच्या तीस टक्क्यांपर्यंत घरखर्च असेल तर घर परवडणारे समजावे. आपल्या वाचकांना आकडे नवे नाहीत, म्हणून उदाहरणादाखल एक हिशेब मांडतो.

समजा, दुकानातील एका सेवकाचा पगार दरमहा १५,००० रुपये आहे आणि पत्नी शिवणकाम करून ५,००० मिळविते. एकूण २०,००० रुपये. त्याचे तीस टक्के म्हणजे ६,०००. नऊ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर दर लाखामागे सुमारे ९०० रुपये हप्ता बसतो. म्हणजे या कुटुंबाला पेलेल असे कर्ज सुमारे ६ लाख ६५ हजार रुपयांचे. आता पंचवीस लाखांची सदनिका घ्यावयाची असे समजू. पाच लाख स्वतःचे आणि वीस लाखांचे कर्ज धरले तर हप्ता सुमारे १८,००० रुपये होतो. पगाराहूनही तो अधिक! वीस वर्षांत त्या वीस लाखांचे त्रेचाळीस लाख भरावे लागतात. बँकेने मन कितीही मोठे केले, तरी हे गणित सुटत नाही.

याहूनही एक बिकट अडचण आहे आणि ती मी बँकेच्या कर्ज विभागात अनेक वर्षे पाहिली. अर्जदार प्रामाणिक असतो, पंधरा-वीस वर्षे एकाच पेढीवर काम करीत असतो, शेठजींचा त्याच्यावर पूर्ण विश्वास असतो; पण त्याच्याजवळ पगारपत्रक नसते. पगार रोख मिळतो, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नसते आणि वर्षाच्या शेवटी मिळणारी रक्कम कोठेही नोंदलेली नसते. कागदावर त्याचे उत्पन्न शून्य ठरते. मग तो खासगी सावकाराकडे जातो आणि दुप्पट-तिप्पट व्याज भरतो. ज्याच्या हाती आपण तिजोरीची किल्ली देतो, त्याची पत कागदावर सिद्ध होईल एवढी नोंदही आपण करीत नाही, ही विसंगती आहे.

कुलुपामागील घरे

दुसरी बाजू जुन्या घरांची. आपल्या अनेक कुटुंबांची बाजारपेठेत किंवा तालुक्याच्या गावी जुनी घरे आहेत. मुले पुणे-मुंबईला किंवा परदेशी स्थायिक झाली. उताऱ्यावर आजोबांचे नाव, वारस दहा-बारा. त्यामुळे ना दुरुस्ती, ना विक्री. भाड्याने द्यावे तर भाडेकरू घर बळकावील ही भीती.

ती भीती निराधार नव्हती. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी जुन्या पातळीवर गोठविली आणि मालकांचा घर भाड्याने देण्यातला रसच संपला. परंतु ३१ मार्च २००० पासून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला आहे. त्याच्या २४ व्या कलमानुसार, मुदत संपलेल्या परवानगी कराराचे निवासी घर परत मिळविण्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ५५ व्या कलमानुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. कागद चोख असेल तर मालक निर्धास्त राहू शकतो. वारसांनी एकत्र बसून नावे लावून घेतली, एकाला कुलमुखत्यारपत्र दिले, तर कित्येक कुलपे उघडू शकतील. आंब्याच्या बागेत आणि मच्छीमार बोटींवर राबणारे नेपाळी बांधव हंगामभर झोपडीत किंवा बोटीवरच राहतात. नव्याने बदलून आलेले शिक्षक, परिचारिका खोली शोधत वणवण करतात. आणि आपली घरे वाळवीला दिलेली आहेत!

श्रावकधर्माचा आधार

आपल्या आचार्यांनी अर्थव्यवहाराला धर्माच्या बाहेर ठेवले नाही. कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात गृहस्थाचे पस्तीस गुण सांगितले, त्यांत पहिला न्यायसंपन्न विभव. संपत्ती मिळवावी, पण न्यायाने. त्याच यादीत घर कसे असावे हेही आहे: फार उघड्यावर नसावे, फार आडोशाला नसावे आणि शेजार चांगला असावा. ज्यांचे पोषण आपल्यावर अवलंबून आहे त्यांचे पोषण करणे हाही एक गुण सांगितला आहे. परिग्रह-परिमाण व्रताच्या अतिचारांत शेत आणि वास्तू यांच्या मर्यादेचे उल्लंघन आरंभीच येते. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत आश्रितांवर अतिभार लादणे आणि त्यांचे अन्नपाणी अडविणे यांचा समावेश आहे. दुकानातील सेवकाला आजच्या काळात आश्रित म्हणणे योग्य नाही, तो श्रमाचा मोबदला घेतो. पण न्यायाचे माप तेच लागू पडते.

समाजाने हे पूर्वी करून दाखविले आहे. शेठ माणेकचंद हिराचंद जव्हेरी यांनी मुंबईत विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग उभारले. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण महाराष्ट्र जैन सभेच्या पिढीने कोल्हापूर-सांगलीकडे वसतिगृहांची परंपरा रुजविली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून जातीपातीपलीकडील हजारो मुलांना वसतिगृहाचे छप्पर दिले. डोक्यावरील छप्पर माणसाला कोठवर नेऊ शकते, याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

आपल्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट, पगार बँक खात्यातून द्यावा आणि पगारपत्रक द्यावे. याला खर्च काहीच नाही. वीस किंवा अधिक सेवक असतील तर भविष्यनिर्वाह निधी बंधनकारकच आहे. कमी असतील तरी स्वेच्छेने त्यात सहभागी होता येते आणि त्या निधीतून घरासाठी रक्कम काढण्याची तरतूद आहे.

दुसरी, प्रत्येक जुन्या सेवकाच्या नावे घरासाठी आवर्ती ठेव उघडावी. पेढीने दरमहा १,००० आणि सेवकाने १,००० घातले, तर सात टक्के दराने दहा वर्षांत सुमारे ३ लाख ४५ हजार जमतात. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी दुसऱ्या टप्प्यात पात्र कुटुंबाला गृहकर्जाच्या व्याजावर कमाल १ लाख ८० हजारांचे अनुदान पाच वार्षिक हप्त्यांत आहे. कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसावे ही मुख्य अट. वर मांडलेल्या कर्जात हे मिळविले की अकरा-साडेअकरा लाखांचे घर दृष्टिपथात येते. पंचवीस लाखांची सदनिका नसेल, पण शहरालगत छोटेखानी घर होऊ शकेल.

तिसरी, संघाने आपल्या कुटुंबांतील बंद घरांची यादी करावी आणि नोंदणीकृत कराराने, वाजवी भाड्याने ती गरजूंना द्यावीत. साधर्मिक वात्सल्याचा आपला आग्रह योग्यच आहे. त्याच्या जोडीला, आपल्या पेढ्यांवर राबणाऱ्या इतर समाजांतील माणसांनाही ही दारे उघडी असावीत.

कोणी म्हणेल, मंदीचे दिवस आहेत, ऑनलाइन खरेदीने गिऱ्हाईक तोडले आहे, हा बोजा कसा सोसावा? प्रश्न खरा आहे. पण दुकानापासून वीस किलोमीटरवरून, पालीहून किंवा लांज्याच्या वाटेवरून एस.टी.ने येणारा सेवक उशिरा पोहोचतो, थकलेला असतो आणि चार पैसे अधिक मिळाले की मुंबईची वाट धरतो. नवा माणूस घडविण्यात वर्ष जाते. अनुभवी माणूस टिकून राहणे हा नफाच आहे, फक्त तो ताळेबंदात वेगळा दिसत नाही.

येत्या दिवाळीला वहीपूजन होईल. पहिल्या पानावर शुभ-लाभ लिहून झाल्यावर एक नवे खाते उघडावे: ‘सेवक गृहसाहाय्य खाते’. त्यात पहिली जमा एक हजार रुपयांची असली तरी पुरे. वर्षाच्या अखेरीस त्या पानाकडे पाहून आपला विभव न्यायसंपन्न आहे की नाही, याचा निवाडा ज्याचा त्याला करता येईल.

जय जिनेंद्र!