गाडी आपली, रूळ दुसऱ्याचे!



कांदा-डाळिंबाच्या हंगामात गावबैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "साहेब, ट्रकचं भाडं परवडंना. चार शेतकरी कंपन्या मिळून आपणच रेल्वेगाडी चालवली तर?" प्रश्न रास्त आहे. पण भागभांडवलाला हात घालण्याआधी ही वाट कशी आहे, ते नीट समजून घ्या.

ट्रकला परमिट, विमा आणि ड्रायव्हर मिळाला की रस्ता सगळ्यांचा. रेल्वेचे तसे नाही. रूळ, सिग्नल, ड्रायव्हर-गार्ड आणि वेळापत्रक रेल्वेच्याच हाती. कालव्याचे उदाहरण घ्या. पाणीपाळी ठरवणारा पाटकरीच वरच्या अंगाचा बागायतदार असेल, तर खालच्या शेताला पाणी कधी मिळणार? खासगी गाडीवाल्याची गत तीच. परवानगी देणारी, भाडे ठरवणारी आणि स्वतःच्या गाड्याही चालवणारी रेल्वे एकच.

२००६ साली कंटेनर गाड्या खासगी कंपन्यांना खुल्या झाल्या. त्याआधी हे काम सरकारी 'कॉनकॉर'कडेच होते. नोंदणी फी किती? देशभरासाठी ५० कोटी, ठरावीक मार्गांसाठी १० कोटी रुपये! वॅगन स्वतःच्या आणायच्या, कोळसा-खनिजासारख्या मालाला हात लावायचा नाही. गाडी ओढण्याचे भाडे, म्हणजे हॉलेज, रेल्वे ठरवणार.

जुलै २०२० मध्ये प्रवासी गाड्यांसाठीही खासगी कंपन्यांना बोलावणे गेले. १५१ गाड्या आणि ३५ वर्षांचा करार. हॉलेज भरायचे, शिवाय उत्पन्नातला वाटाही द्यायचा. सुरुवातीला १५ कंपन्यांनी रस दाखवला. जुलै २०२१ मध्ये आर्थिक निविदा उघडल्या तेव्हा बोली लावणारे दोनच निघाले, त्यातली एक रेल्वेचीच आयआरसीटीसी. मोठमोठे मागे सरले, तिथे आपली काय कथा?

तंटा झाला तर जायचे कुणाकडे? २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेल्वे विकास प्राधिकरणाला मंजुरी दिली, पण दराबाबत त्याचे काम शिफारस करण्यापुरतेच ठेवले होते.

सगळेच नियम जाचक आहेत, असे मात्र समजू नका. वॅगनचा आराखडा लखनौच्या आरडीएसओने तपासायलाच हवा. ब्रेक फसला तर आपल्यासोबत दुसऱ्याचाही जीव जातो. दुखणे सुरक्षेच्या नियमात नाही, पाळी वाटणारा तिऱ्हाईत नाही यात आहे.

मग करायचे काय? ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून दानापूरला पहिली किसान रेल सुटली, ती रेल्वेनेच चालवली. किमान मालाची अट नव्हती, पुढे फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात ५० टक्के सवलतही मिळाली. छोट्या शेतकऱ्याचा मालही त्यामुळे दूर गेला. अशी सवलत कायमची धरू नका, पण मार्ग ध्यानात ठेवा. गटाने आधी विभागीय रेल्वेच्या वाणिज्य शाखेत पार्सलच्या जागेची चौकशी करावी. दर, थांबा आणि माल चढवायला मिळणारा वेळ लेखी घ्यावा. सरपंच-ग्रामसेवकांनी स्टेशनच्या मालधक्क्यापर्यंतच्या रस्त्याचा ठराव ग्रामसभेत घ्यावा.

आणि कुणी "तुमची स्वतःची रेल्वे" म्हणून शेअर विकायला आला, तर एकच विचारा: "रूळावरची पाळी कुणी दिली, कागद दाखवा." कागद नसेल तर पैसा घरातच बरा.