‘पंचवीस वर्षांतून एकदा’ येणारा पूर आणि वीस वर्षांचं गृहकर्ज

नगरला पहिलंच घर घेणाऱ्या एका मित्राचा प्रश्न आहे. सीना नदीजवळ रो-हाउस पसंत पडलंय, जागा निळ्या आणि लाल पूररेषेच्या मधे आहे. विमा घ्यावा का? त्याच्या घरचे म्हणतात, दुष्काळी जिल्ह्यात पुराचा कसला विमा!

दुष्काळी जिल्हा हे खरंच. पण पूर येण्यासाठी आपल्याच गावात पाऊस पडावा लागत नाही. कोपरगावकरांना विचारा. पाऊस इगतपुरी-त्र्यंबकला पडतो, नांदूर मधमेश्वरमधून विसर्ग सुटतो आणि इकडे कोरड्या आभाळाखाली गोदावरी फुगते.

आता पूररेषा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. गोंधळ या ‘एकदा’ शब्दात आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, गेल्या वर्षी पाणी येऊन गेलं, आता २४ वर्षं निवांत. तसं नसतं. दर वर्षी ४ टक्के शक्यता (लाल रेषेला १ टक्का), एवढाच त्याचा अर्थ. नदी मागचा हिशेब ठेवत नाही.

कर्ज मात्र २० वर्षांचं आहे. दर वर्षी पूर न येण्याची शक्यता ०.९६, हा आकडा वीस वेळा गुणला की ०.४४ येतो. म्हणजे कर्ज फिटेपर्यंत निळ्या रेषेपर्यंत पाणी एकदा तरी येण्याची शक्यता ५६ टक्के! लाल रेषेचं हेच गणित १८ टक्क्यांवर जातं. मित्राचं घर या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी.

केलर, सीग्रिस्ट आणि गुचर या स्विस संशोधकांनी २००६ मध्ये नेमकं हेच तपासलं. पुराचा धोका एका वर्षाचा म्हणून सांगितला की लोकांना तो किरकोळ वाटतो. तोच ३० वर्षांचा म्हणून सांगितला की जास्त वाटतो. धोका तोच, फक्त सांगण्याची मुदत बदलली.

मग विम्यावर किती खर्च करायचा? समजा घरात पाणी शिरलं तर फरशी, वायरिंग, फर्निचर धरून ३ लाखांचं नुकसान होईल. ४ टक्क्यांनी वर्षाला सरासरी १२,००० रुपये, १ टक्क्याने ३,०००. हप्ता याच्या आसपास किंवा खाली असेल तर फार विचार करू नका. थोडा वर असला तरी माझं मत ‘घ्या’ असंच आहे, कारण ईएमआय चालू असताना एकदम ३ लाख उभे करणं सरासरीत मावत नाही. जोतं लाल रेषेच्या पातळीच्या ४५ सेंटिमीटर वर असायला हवं, असा बांधकामाचा नियम आहे. मंजूर नकाशात ते बघून घ्या. जोतं खरंच तेवढं उंच असेल तर हे आकडे बरेच खाली येतात.

अमेरिकेत पुराचा विमा वेगळा घ्यावा लागतो. आपल्याकडे तो घराच्या विम्यातच असतो, फक्त एजंट त्याला ‘फायर पॉलिसी’ म्हणतात, त्यामुळे पुराचं कुणाच्या लक्षातच येत नाही. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी आहे. आग, भूकंप, वादळ यांच्यासोबत पूरही त्यात येतो. इमारतीचा विमा घेतला की त्या रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत (कमाल १० लाख) घरसामानही यादी न देता धरलं जातं. विम्याची रक्कम पुन्हा बांधायच्या खर्चावर ठरते, जागेच्या भावावर नाही. जागा काही वाहून जात नाही.

एक गोष्ट आजच तपासा. ‘बँकेने विमा काढलाय’ असं बरेच जण सांगतात, पण तो अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. घरात कमरेएवढं पाणी आलं तरी त्यातून रुपया मिळत नाही. पॉलिसीचा कागद काढा आणि विमा माणसाचा आहे की इमारतीचा, ते वाचा.