इंजिनाआधी सायकल

युद्ध संपल्यानंतरच्या जपानात पेट्रोल रेशनवर मिळत होतं, रेल्वेगाड्यांत पाय ठेवायला जागा नसे आणि घरात अन्न आणायचं तर सायकलवरून दूरच्या खेड्यांपर्यंत रपेट करावी लागे. 1946 मध्ये हमामात्सु शहरात चाळिशीला टेकलेल्या सोइचिरो होंडांच्या हाती एक लहानसं इंजिन लागलं. जपानी सैन्याच्या वायरलेस संचाला वीज पुरवणाऱ्या जनरेटरचं ते इंजिन. सैन्यच उरलं नव्हतं, म्हणून ते पडून होतं. होंडांनी ते सायकलवर चढवलं. पेट्रोलसाठी टाकी मिळेना, तेव्हा थंडीत अंथरुणात ठेवायचं गरम पाण्याचं भांडं टाकी म्हणून बसवलं. रस्त्यावर त्या सायकलची परीक्षा घेणाऱ्या पहिल्या काही जणांत त्यांच्या पत्नी साची होत्या.

सुरुवातीला इंजिन हँडलपुढे होतं आणि रबरी रोलर टायरवर घासून पुढचं चाक फिरवत होता. ही मांडणी टायरला सोसेना. मग इंजिन फ्रेमच्या मधोमध आलं आणि पट्ट्याने मागचं चाक फिरू लागलं. सैन्याची अशी सुमारे 500 इंजिनं संपली, तेव्हा 1947 मध्ये होंडांनी स्वतःचं 50 सीसीचं ‘ए-टाइप’ काढलं. दोन वर्षांनी 98 सीसीची ‘ड्रीम डी-टाइप’ आली, तिला मात्र दाबीव पोलादी पत्र्याची स्वतंत्र फ्रेम दिली होती. तिथे सायकल संपली आणि मोटरसायकल सुरू झाली.

घरी सायकलला इंजिन बसवणाऱ्या प्रत्येकाने हा क्रम लक्षात ठेवावा. इंजिन मिळवणं आणि चालू करणं होंडांना फार जड गेलं नाही. त्या इंजिनाची ताकद चाकापर्यंत नीट पोचवणं आणि ती झेलणारी सायकल उभी करणं, यातच त्यांची पुढची वर्षं गेली. आजही या छंदाची सगळी कसोटी तिथेच लागते.

त्याच सुमारास युरोपातही हेच चाललं होतं. बाँबहल्ल्यात कारखाना उद्ध्वस्त झालेल्या बोलोन्याच्या डुकाटी कंपनीने, जी तोवर रेडिओचे सुटे भाग बनवत असे, तुरिनमध्ये आखलेलं ‘कुच्चोलो’ हे 48 सीसीचं सायकल-इंजिन हाती घेतलं. डुकाटीचा दुचाकींशी संबंध जुळला तो या इंजिनामुळे. फ्रान्समध्ये 1946 पासून ‘व्हेलोसोलेक्स’ विकली जाऊ लागली. हमामात्सुत फसलेली रोलरची मांडणी तिथे कमी ताकदीच्या इंजिनावर आणि त्यासाठीच घडवलेल्या सायकलवर उत्तम चालली. अमेरिकेत ‘व्हिझर’ हा संच 1939 पासूनच मिळत होता.

महाराष्ट्राचं या घराण्याशी जवळचं नातं आहे. 1972 मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने इटलीतल्या पियाज्जोच्या ‘चाओ’वरून लूना रस्त्यावर आणली. पेडल मारून सुरू करायची आणि पेट्रोल संपलं तर पेडल मारतच घर गाठायचं! लूना चालवलेल्या माणसाला इंजिनाची सायकल काय असते हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता घरी बनणाऱ्या सायकलकडे वळू. अमेरिकेतल्या कितीतरी गॅरेजांमध्ये गेली काही वर्षं जी बांधणी चालते, तिच्या मुळाशी एक स्वस्त चिनी संच असतो. एका खोक्यात टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलची छोटी टाकी, कार्बोरेटर, सायलेन्सर, क्लचचा लिव्हर, अॅक्सिलरेटरची मूठ, चेन आणि मागच्या चाकाला लावायचं 44 दात्यांचं स्प्रॉकेट असं सगळं येतं. खोक्यावर पुष्कळदा ‘80 सीसी’ छापलेलं असतं. सिलिंडरचा व्यास 47 मिलिमीटर आणि पिस्टनची धाव 38 मिलिमीटर धरून गणित केलं, तर उत्तर 66 सीसी येतं. छापील आकड्यावर विसंबू नये, स्वतः मोजावं, हा पहिला धडा खोकं उघडतानाच मिळतो.

दुसरं गणित वेगाचं. इंजिनातल्या दात्यांमुळे फेरे साधारण 4.1 पट कमी होतात. पुढे 10 दाते आणि मागे 44 म्हणजे आणखी 4.4 पट. दोन्ही मिळून इंजिनाच्या 18 फेऱ्यांना चाकाचा एक फेरा पडतो. 26 इंची चाकाचा घेर सुमारे 2.07 मीटर. इंजिन मिनिटाला 5,000 फेऱ्यांवर असेल, तर सायकल ताशी 34 किलोमीटरच्या आसपास धावते. मागे 36 दात्यांचं स्प्रॉकेट लावलं की तोच आकडा 42 वर जातो, पण चढावर इंजिन दमतं. स्प्रॉकेट बदलणं ही या छंदातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलकी सुधारणा आहे, कारण गिअर म्हणजे काय हे त्यातून हाताला कळतं.

ते स्प्रॉकेट बसवणं हेच सगळ्यांत नाजूक काम. संचासोबत दोन रबरी चकत्या येतात. एक चकती आऱ्यांच्या बाहेरून, एक आतून, आणि नऊ बोल्टांनी स्प्रॉकेट त्यांच्यासह आऱ्यांवर आवळायचं. बोल्ट एकसारखे आवळले नाहीत तर स्प्रॉकेट लटपटतं, चेन कधी ताठ तर कधी सैल होते आणि शेवटी उतरते. चेनचा ताण राखणारी छोटी चक्री फ्रेमच्या नळीवर पकडलेली असते. ती सरकली तर आऱ्यांत घुसते, आणि चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून जाणकार बांधणारे आधी चाकाची आउट काढतात, आऱ्यांचा ताण एकसारखा करतात आणि जमलं तर स्प्रॉकेट आऱ्यांऐवजी थेट हबवर पकडणारा जोड वापरतात. पेडलची चेन उजवीकडे आणि इंजिनाची डावीकडे असल्यामुळे दोन्हींची ओळ सरळ राहील इतकी जागा फ्रेममध्ये आहे का, हेही अगोदरच मोजतात.

या संचातल्या टू-स्ट्रोक इंजिनाला वेगळं ऑइल नसतं, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. नवं इंजिन रुळेपर्यंत साधारण 16 भाग पेट्रोलला एक भाग ऑइल घालतात, म्हणजे चार लिटरला पाव लिटर. रुळल्यावर हे प्रमाण निम्म्यावर येतं. सुरू करताना क्लच दाबून धरायचा, पेडल मारत थोडा वेग घ्यायचा आणि क्लच सोडायचा. चाकाच्या गतीने पिस्टन हलतो, प्लगमध्ये ठिणगी पडते आणि इंजिन धरतं. एका सिलिंडरचं हे इंजिन चांगलंच थरथरतं. पहिल्या काही फेऱ्यांनंतर एकूण एक नट-बोल्ट पुन्हा आवळावा लागतो आणि चुकून एखादा राहिला तर तोच पुढे गळून पडतो.

यापुढे हौसेचं राज्य सुरू होतं. कोणी फुगीर पोटाचा सायलेन्सर लावतो. त्यातून उलट येणारी दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते आणि ताकद वाढते. कोणी कार्बोरेटरचं जेट बदलून मिश्रण सुधारतो. 1910 च्या दशकात अमेरिकेत लाकडी फळ्यांच्या गोल ट्रॅकवर मोटरसायकलींच्या शर्यती होत. त्या गाड्यांची लांबट फ्रेम, खाली वळवलेलं हँडल आणि दांडीखाली बसवलेली टाकी यांची हुबेहूब प्रतिकृती करणारेही पुष्कळ आहेत. अशी टाकी स्वतः पत्रा वळवून, झाळून केलेली असली तर तिच्या मालकाबद्दल मला खरोखर आदर वाटतो. विकत घेतलेल्या वेगापेक्षा ते काम कितीतरी मोठं आहे.

मात्र सगळ्या सुधारणांत पहिला मान ब्रेकचा. ताशी 15 किलोमीटरने जाणारी सायकल 35 ने जाऊ लागली, की तिची गतिज ऊर्जा पाचपटींहून जास्त होते, आणि ती सगळी थांबवायची जबाबदारी ब्रेकवर येते. साध्या रिंगवर चालणारी दोन झिजकी रबरं ती पेलू शकत नाहीत. पुढे डिस्क किंवा ड्रम ब्रेक, जाड टायर, भक्कम फोर्क आणि कुठेही तडा न गेलेली पोलादी फ्रेम, एवढं जमल्याशिवाय इंजिनाला हात लावू नये.

भारतात यात कायद्याचा प्रश्नही येतो. मोटार वाहन कायद्यानुसार चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन ‘मोटार वाहन’ ठरत नाही. 66 सीसीचं इंजिन ही मर्यादा सरळ ओलांडतं. मग नोंदणी, विमा, लायसन्स सगळं आलं, आणि घरी जुळवलेल्या सायकलला ते मिळणं जवळपास अशक्य. असं वाहन आपल्या रस्त्यावर आणू नये.

आपल्याकडच्या हौशी माणसासाठी विजेचा मार्ग खुला आहे. 250 वॉटपेक्षा कमी ताकदीची, ताशी 25 किलोमीटरच्या आतली आणि बॅटरी वगळून 60 किलोंपर्यंत वजनाची, नियमाप्रमाणे ब्रेक आणि रिफ्लेक्टर असलेली बॅटरीची दुचाकी मोटार वाहनांत मोडत नाही. चाकाच्या हबमध्येच मोटर, फ्रेमवर कंट्रोलर आणि 36 व्होल्टची बॅटरी, इतकीच सामग्री लागते. दहा अँपिअर-तासांची अशी बॅटरी 360 वॉट-तास ऊर्जा साठवते. थोडं पेडल मारत गेलं तर सपाट रस्त्यावर तीसेक किलोमीटर सहज निघतात. इथेही गोष्ट तीच. मोटर आपला आस फोर्कमध्ये उलटा फिरवू पाहते, म्हणून त्याला अडवणारी पोलादी पट्टी लावावीच लागते. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हर घ्यावेत आणि बॅटरी संरक्षक सर्किटसह तयारच घ्यावी. सुटे सेल घरी झाळत बसणं धोक्याचं आहे.

हा छंद पोरखेळ नाही आणि फक्त पैसे वाचवण्याची युक्तीही नाही. यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्या हातांनी पुन्हा जुळवायचं, ही सवय आपल्याकडे झपाट्याने कमी होते आहे. ती पुन्हा लावायला सायकलइतकं सोपं, स्वस्त आणि क्षमाशील यंत्र दुसरं नाही. घरात शिकायला उत्सुक मुलगा किंवा मुलगी असेल, तर मोटर मागवण्याआधी एक रविवार जुन्या सायकलला द्या. तिचे हब उघडा, छर्रे पुसून ग्रीस भरा, चाकांची आउट काढा, ब्रेकची रबरं बदला. ती सायकल तुमच्या मनासारखी थांबू लागली, की मगच तिला पळवायचा विचार करा.